आठवड्याची बेगमी: क्रीम घातलेला बीफ पास्ता रविवारीच कालवून ठेवावा का?

रानजाई (न्यू जर्सी), धागाकर्ती

रविवारी मोठ्या पातेल्यात बीफचा खिमा, टोमॅटो, क्रीम आणि पास्ता एकत्र शिजवायचा, डब्यांत भरायचा आणि गुरुवारपर्यंत तोच खायचा, ही पद्धत अमेरिकेतील नोकरदार घरांत चांगलीच रुळली आहे. 1971 साली देशभर विक्रीला आलेल्या ‘हॅम्बर्गर हेल्पर’च्या खोक्याने खिमा आणि पास्ता एकाच भांड्यात शिजवण्याची सवय येथे घरोघरी नेली, आणि आजचा हा पदार्थ तिचाच थोडा सुधारलेला वंशज आहे. पदार्थाविषयी माझी तक्रार नाही. माझे म्हणणे एवढेच की आठवड्याची बेगमी सॉसची करावी. पास्ता आणि क्रीम ही दोन्ही आयत्या वेळची कामे आहेत. (बीफ खावे की खाऊ नये, हा वाद कृपया येथे नको. ज्यांच्या घरी ते चालत नाही, त्यांनी ही चर्चा मटणाच्या किंवा टर्कीच्या खिम्याला लावून वाचावी.)

दोन माणसांच्या चार जेवणांसाठी मी 900 ग्रॅम खिमा घेते. येथे पाकिटावर मांस आणि चरबी यांचे प्रमाण छापलेले असते. त्यातला 85/15 घ्यावा, कारण 80/20 मधील जादा चरबी काढून टाकली नाही तर डब्यात वर पांढरा थर धरतो. पातेले चांगले तापल्यावर खिमा पसरावा आणि तीन-चार मिनिटे त्याला झारा लावूच नये. सगळा खिमा एकदम घातला की त्याला पाणी सुटते आणि तो परतला जाण्याऐवजी करडा होऊन उकडतो, म्हणून दोन घाण्यांत परतणे बरे. तळाला धरलेला तपकिरी थर खरवडून टाकू नये. कांदा पडला की त्याच्याच ओलाव्याने तो सुटतो आणि सॉसची निम्मी चव तेथूनच येते. मग लसूण घालावा, दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट विटकरी रंगावर येईपर्यंत परतावी, अर्धा लिटर बीफ स्टॉक (मांस-हाडे उकळून काढलेले पाणी) ओतावा आणि वीस-पंचवीस मिनिटे मंद आचेवर ठेवावे. येथे थांबावे. चार उथळ डबे भरून दोन फ्रीजमध्ये आणि दोन फ्रीझरमध्ये ठेवावेत.

जेवायच्या दिवशी माणशी 80 ग्रॅम रिगातोनी (नळीच्या आकाराचा पास्ता) उकळत टाकावा, तोवर एक डबा गरम करून त्यात 50 मिलिलिटर हेवी क्रीम (जास्त स्निग्धांशाचे क्रीम), मूठभर किसलेले पार्मेझान चीज आणि पळीभर पास्त्याचे पाणी मिसळावे. पास्ता शिजतो तेवढ्या वेळात सॉस तयार होतो. याउलट, शिजलेला पास्ता फ्रीजमध्येही सॉसमधले पाणी ओढत राहतो. प्रवासासाठी कालवलेला दहीभात जसा सगळे दूध पिऊन दुसऱ्या दिवशी गोळा होतो, तशीच गत बुधवारच्या डब्याची होते.

कढीलिंब (ह्यूस्टन)

आपली कृती उत्तम आहे, परंतु ती बेगमी नव्हे, अर्धवट स्वयंपाक आहे. बुधवारी संध्याकाळी सात वाजता घरी आल्यावर पाणी उकळायला ठेवणे, पास्ता गाळणे आणि दोन भांडी घासणे, एवढे करायची तयारी असती तर रविवारची दुपार कोणी खर्ची घातली असती? शिवाय आपण फक्त रात्रीच्या जेवणाचा विचार केला आहे. माझ्यासारख्या अनेकांचा हा पदार्थ दुपारी कार्यालयात खाल्ला जातो, आणि तेथे मायक्रोवेव्हखेरीज काहीही नसते.

कालवून ठेवलेला पास्ता बिघडतो तो बहुधा पूर्ण शिजवून ठेवल्यामुळे. पाकिटावर 12 मिनिटे लिहिली असतील तर दहाव्या मिनिटाला आच बंद करावी, आणि सॉस ताटात वाढताना आवडेल त्यापेक्षा बराच पातळ ठेवावा. पास्ता त्याच स्टॉकमध्ये शिजवला तर त्याचा स्टार्च सॉसमध्येच उतरतो, आणि तो स्टार्च क्रीमला धरून ठेवतो. गरम करताना दोन चमचे दूध घालावे, झाकण तिरके ठेवावे, मायक्रोवेव्हची शक्ती निम्मी करावी आणि मध्ये एकदा ढवळावे. पूर्ण शक्तीवर कडा करपतात, मधला भाग गारच राहतो, आणि लोक दोष देतात पास्त्याला!

तळटीप (लीड्स)

चवीचा वाद आपण दोघांनी मिटवावा. माझा आक्षेप ‘गुरुवारपर्यंत’ या शब्दाला आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सल्ल्यानुसार शिजवलेले उरलेले अन्न 4 अंश सेल्सिअस किंवा त्याखालील फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस चालते. आमच्याकडची फूड स्टँडर्ड्स एजन्सी मात्र 48 तासांत संपवा असे सांगते. म्हणजे रविवारी केलेला डबा गुरुवारी खाणारा माणूस अमेरिकी मर्यादेच्या अगदी टोकावर आहे आणि ब्रिटिश मर्यादा त्याने मंगळवारीच ओलांडली आहे.

खरा धोका तर त्याही आधीचा असतो. मोठे पातेले ओट्यावर ‘निवत’ ठेवून लोक कपडे धुवायला जातात. पास्ता आणि भात यांच्यात सापडणाऱ्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात, कोमट अन्नात वाढतात, आणि त्यांचे वांतीकारक विष पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही. बेल्जियममध्ये 2008 साली पाच दिवस खोलीच्या तापमानात राहिलेली स्पगेटी खाऊन एका तरुण विद्यार्थ्याचा मृत्यू झाला होता. ते उदाहरण टोकाचे आहे, फ्रीजमधल्या डब्याला ते लागू नाही, हे मला मान्य आहे. परंतु अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलेच पाहिजे, हा नियम कशासाठी आहे ते त्यावरून कळते.

रानजाई

तळटीप, आपला मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. क्रीम आणि पास्ता नसलेला सॉस निर्धास्तपणे गोठवता येतो, त्यामुळे बुधवार-गुरुवारचे डबे फ्रीजमध्ये वाट पाहत बसत नाहीत. आदल्या रात्री डबा फ्रीझरमधून फ्रीजमध्ये आणावा आणि दुसऱ्या दिवशी 74 अंशांपर्यंत गरम करावा. कढीलिंब यांचा पास्ता मात्र गोठवला की वितळताना आणखी मऊ पडतो, आणि क्रीमचा सॉस फुटून त्याचे तूप व पाणी वेगळे दिसते.

उंबरठा (मडगाव)

आपण सर्वजण 36 टक्के किंवा त्याहून अधिक स्निग्धांशाचे क्रीम गृहीत धरून बोलत आहात. गोव्यात बीफ मिळते, पण दुकानात सहज हाती लागते ते 25 टक्के स्निग्धांशाचे ‘अमूल फ्रेश क्रीम’, आणि ते टोमॅटोच्या आंबटपणात उकळले तर हमखास फाटते. ते आच बंद करून, सॉसची वाफ ओसरल्यावरच मिसळावे लागते. म्हणून आमच्यापुरते तरी क्रीम आयत्या वेळी घालण्याला माझा पाठिंबा आहे. मात्र पास्त्याच्या बाबतीत मी कढीलिंब यांच्या बाजूचा आहे.

पाटावरवंटा (तुरीन)

क्रीमचा एवढा आग्रह कशासाठी, हे मला कळलेले नाही. इटालियन पाककला अकादमीने 1982 साली बोलोन्या शहराच्या वाणिज्य मंडळात रागूची (पास्त्याबरोबरच्या खिम्याच्या सॉसची) जी कृती नोंदवली, तिच्यात बीफबरोबर दूध आहे, आणि ते मांसाबरोबर बराच वेळ मंद आचेवर शिजते. दुधाचे कण खिम्यात मुरून जात असल्यामुळे असा सॉस गोठवून वितळवला तरी फाटलेला दिसत नाही. रविवारी क्रीमऐवजी एक पेला दूध घालून अर्धा तास जास्त शिजवले, तर निम्मा वाद राहणारच नाही.

कढीलिंब

पाटावरवंटा, तो सॉस निःसंशय चांगला असेल, पण तो मलईदार नसतो. माझ्या मुलांना चमच्याला धरणारा, चीज घातलेला दाट सॉस हवा असतो, आणि मुलांसमोर बोलोन्याच्या वाणिज्य मंडळाचा दाखला चालत नाही.

रानजाई यांच्या गोठवण्याच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तेव्हा सोमवार-मंगळवारचे डबे मी कालवूनच भरणार, कारण 48 तासांच्या हिशेबातही ते बसतात. बुधवारपासूनचा सॉस क्रीमविना गोठवीन, आणि त्या दिवसांचा दुपारचा डबा पास्त्याऐवजी पावाचा असेल. कार्यालयात पास्ता उकळण्याचा उपाय कोणाकडे असल्यास अवश्य लिहावा.

रानजाई

पावाबरोबर नेणार असाल तर त्या दोन डब्यांतला स्टॉक निम्मा करा, नाहीतर पाव भिजून जाईल.