फुटबॉल सामन्यांसाठी बेटफेअर की काल्शी? १०० लावले तर नेमके किती कटतात?

मिडलंड्सकर
सध्या इंग्लंडात बेटफेअर एक्स्चेंजवर (जिथे लोक कंपनीविरुद्ध नाही, एकमेकांविरुद्ध बेट लावतात) प्रीमियर लीगच्या सामन्यांत बॅक-ले करतो, म्हणजे 'होईल' यावर बॅक आणि 'होणार नाही' यावर ले, २ टक्के कमिशनच्या योजनेत. पुढच्या महिन्यापासून मुक्काम अमेरिकेत. तिथे हे एक्स्चेंज चालत नाही, म्हणून काल्शी बघतोय, घटनांच्या निकालावर 'यस-नो' कंत्राटं चालवणारं तिथलं प्रेडिक्शन मार्केट. तिथे भाव सेंटमध्ये दिसतो आणि फी जिंकल्यावर नाही, सौदा झाला की लगेच लागते. त्यामुळे तुलनाच जमत नाहीये. शिवाय सामना चालू असताना बाहेर पडायचं झालं तर काय? "दोन्ही सारखंच" हे उत्तर नको, आकडे द्या.

पावकी_निमकी
आधी भाव एका भाषेत आणा. काल्शीचं कंत्राट जिंकलं तर १ डॉलर देतं, हरलं तर शून्य. १०० भागिले सेंटमधला भाव, म्हणजे एक्स्चेंजचा भाव. ४० सेंट म्हणजे २.५०, १ लावला तर मुद्दलासकट २.५० परत. 'यस' घेणं म्हणजे बॅक, 'नो' घेणं म्हणजे ले. आपल्याकडचे सटोडिये ज्याला लगाई आणि खाई म्हणतात तेच. २.५० ला १०० पौंडांची ले केली तर १५० पौंड अडकतात; ६० सेंटला २५० 'नो' घेतले तरी १५० डॉलरच जातात. इथवर काहीच फरक नाही.

आता फी. काल्शीचं सर्वसाधारण सूत्र: ०.०७ × कंत्राटं × भाव × (१ − भाव), भाव डॉलरमध्ये, म्हणजे ४० सेंटचे ०.४०. १०० डॉलरमध्ये ४० सेंटची २५० कंत्राटं येतात, फी ४.२० डॉलर. जिंकलात तर निव्वळ १४५.८०, हरलात तर १०४.२० गेले. एक्स्चेंजवर हाच सौदा जिंकला तर २ टक्क्यांनी १४७ हातात आणि हरला तर फक्त १०० गेले.

गंमत पुढे आहे. एक्स्चेंजचं कमिशन जिंकल्यावरच लागतं, म्हणून त्याची सरासरी काढायची तर जिंकण्याच्या शक्यतेने गुणायचं. तसं केलं की सूत्र तंतोतंत तेच निघतं, ०.०७ च्या जागी कमिशनचा दर एवढाच बदल. म्हणजे काल्शीवर समोरचा भाव उचलणं आणि ७ टक्के कमिशनच्या एक्स्चेंजवर खेळणं, सरासरीत एकच. भाव १० सेंट असो की ९०, हे बदलत नाही. तुम्ही २ टक्क्यांवरून ७ वर चाललात, असं समजा. तेही सौदा शेवटपर्यंत ठेवलात तर.

मधेच बाहेर पडलात तर अंतर वाढतं. २.५० ला १०० पौंड बॅक, गोल झाला, भाव १.६० वर आला. १५६.२५ ची ले केली की निकाल काहीही लागो, ५६.२५ सुटतात. कमिशन त्या बाजारातल्या निव्वळ नफ्यावर, म्हणजे १.१३. काल्शीवर तीच २५० कंत्राटं ६२ सेंटला विकली तर फायदा ५५, पण जाताना ४.२० दिले आणि येताना ४.१३. हातात ४६.६७.

आडवा_पास
वरच्या हिशेबात एक भर. काल्शीवर समोरचा भाव न उचलता स्वतःचा भाव लावून थांबलात तर फी खूप कमी होते. काही बाजारांत शून्य, जिथे आहे तिथे गुणक ०.०१७५. म्हणजे पुन्हा पावणेदोन टक्क्यांवर आलात. दर बदलत राहतात, ऑर्डर पक्की करण्याआधी पडद्यावर जो आकडा येतो तोच खरा धरा. आणि फी वरच्या सेंटला पूर्ण होते, म्हणून एकेक कंत्राट घेत बसू नका. ५ सेंटच्या एका कंत्राटाची फी पाव-अर्ध्या सेंटच्या मधे कुठेतरी येते, कापला जातो पुरा १ सेंट.

पण भाव लावून थांबणं फुटबॉलमध्ये धोक्याचं आहे. बेटफेअर गोल, पेनल्टी, लाल कार्ड झालं की बाजार थांबवतं आणि न जुळलेल्या बेट रद्द करतं. शिवाय चालू सामन्यात बेट काही सेकंद रोखून धरतं. प्रेडिक्शन मार्केटवर ही ढाल गृहीत धरू नका. गोल झाला, तुमची ऑर्डर जुन्या भावाला तशीच पडून असली, तर मैदानातून थेट माहिती मिळवणारा ती क्षणात उचलतो. तुमच्या टीव्हीवर चेंडू अजून मिडफिल्डमध्येच असतो. चालू सामन्यात ऑर्डर टाकून चहा करायला उठायचं नाही.

लांबचे भाव खेळणाऱ्यांना सेंटची पायरीही जड जाते. ५ सेंट म्हणजे २०, ६ सेंट म्हणजे १६.६७. बेटफेअरवर या दोहोंच्या मधे १७, १७.५, १८ असे सहा भाव आहेत.

मिडलंड्सकर
७ टक्के हे कुठेच असं सरळ वाचलं नव्हतं. निकालाच्या नियमांत काही फरक?

आडवा_पास
घोळ तिथेच होतात. बेटफेअरचा मॅच ऑड्स, म्हणजे कोण जिंकणार की ड्रॉ हा बाजार, ९० मिनिटं अधिक भरपाई वेळ एवढ्यावर निकाली निघतो. २०२२ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये ९० मिनिटांनंतर २-२ होतं, म्हणून करंडक अर्जेंटिनाने नेला तरी मॅच ऑड्समध्ये ड्रॉ जिंकला. काल्शीवर यजमान, पाहुणा आणि ड्रॉ असे तीन स्वतंत्र 'यस-नो' बाजार असतात, आणि प्रत्येकाच्या नियमात जादा वेळ धरलाय की नाही ते लिहिलेलं असतं. बाद फेरीत शीर्षकावर जाऊ नका, नियम उघडा. सामना पुढे ढकलला तर पैसे परत की नव्या तारखेपर्यंत अडकून, तेही तिथेच सापडेल.

तीन वेगळे बाजार असल्याने तिन्हींचे 'यस' विकत घ्यायचे भाव बेरजेत पाहा. १०० च्या वर जितके सेंट, तितकी छुपी किंमत. बेटफेअर एका निकालावरची बॅक बाकी दोन निकालांच्या बॅकशी आपोआप जुळवतं, त्यामुळे मोठ्या सामन्यात तिथली बेरीज १०० ला चिकटून राहते.

कोथरूड_एफसी
पॉलिमार्केट या दुसऱ्या प्रेडिक्शन मार्केटबद्दल कोणीच बोललं नाही. पुण्यातून व्हीपीएन लावून चालेल का?

पावकी_निमकी
नाही. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आहे. आपला प्रोबो, असेच 'यस-नो' सौदे चालवणारं भारतीय ॲप, त्यातच बंद पडला. शिक्षेचा रोख चालवणाऱ्यांवर आणि जाहिरात करणाऱ्यांवर आहे, पण तुमची वाट बँकेतच अडते: फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) नियमांत परदेशी पैसे पाठवायला मनाई असलेल्या गोष्टींच्या यादीत 'फुटबॉल पूल्स' (फुटबॉलच्या निकालांवरच्या पैजा) शब्दशः आहे. आणि व्हीपीएन पकडला गेला तर खातं गोठतं, दाद मागायला जागा नाही. पॉलिमार्केटच्या मूळ मंचावर पैसे डॉलरशी बांधलेल्या क्रिप्टो नाण्यात असतात, आणि निकालावर वाद झाला तर यूएमए नावाचं क्रिप्टो टोकन बाळगणारे मतदान करतात.

मिडलंड्सकर, तुमच्यासाठी एवढंच: कुठल्या राज्यात जाताय ते आधी बघा. काल्शीला फेडरल नियामकाची परवानगी आहे, पण नेवाडा, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स यांनी खेळांच्या कंत्राटांना हरकत घेतली आहे. आणि ब्रिटनमध्ये जिंकलेल्या पैशांवर कर नव्हता, तिथे असेल. पहिल्या सौद्यापासून नोंदवही ठेवा.