दोन रेषा आल्यात, नवरा म्हणतो तू ठरव

लग्नाला नऊ महिने झालेत, वाकडला वनबीएचके भाड्याने, दोघंही आयटीत. परवा सकाळी प्रेग्नन्सी किट बघितलं तर दुसरी रेष फिकट पण होतीच. दोन वर्षं तरी नको असं ठरलं होतं, काळजीही घेत होतो, तरी. नवरा आधी गप्प, मग चहा ठेवला आणि म्हणाला "तू म्हणशील तसं." ऐकायला छान आहे पण मला एकटं पाडल्यासारखंच वाटलं. मैत्रीण म्हणते मेडिकलमधून गोळ्या आण, विषय संपव. सासूबाईंना कळलं तर त्या पेढेच वाटतील. त्यात नवी नोकरी, जॉइन होऊन दीडच महिना. कुणी यातून गेलंय का?

खारीबटर: मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या अजिबात घेऊ नकोस गं. आधी सोनोग्राफी कर, कारण गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि नळी फुटली तर जीवावर बेततं. गोळ्या 9 आठवड्यांपर्यंतच, त्याही डॉक्टरकडूनच. कायद्याने 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि गर्भनिरोधक साधन फेल गेलं हे कारण 2021 पासून लग्न न झालेल्यांनाही चालतं. 18 पूर्ण असतील तर सही फक्त बाईची. मला एका ठिकाणी काउंटरवर "मिस्टरांना घेऊन या" म्हणून परत पाठवलेलं, मी सरळ दुसरीकडे गेले.

कोथरूडकर८८: तो "तू म्हणशील तसं"वाला नवरा मी पण होतो. वाटायचं आपण किती समजूतदार, खरं तर टरकली होती आणि उद्या काही चुकलं तर तूच म्हणाली होतीस म्हणायची सोय. बायकोने वही पुढे टाकली, म्हणाली रात्री कोण उठणार, पाळणाघराचे पैसे कुठून, तुझी आई किती दिवस येणार, लिही. दोन ओळींतच घाम फुटला. आम्ही ठेवलं, लेक चार वर्षांची आहे, आत्ता शेजारी बसून खोडरबर चावतेय. पण म्हणून तुम्हीही ठेवाच असं नाही, माझ्या भावाने आणि वहिनीने नाही ठेवलं आणि तेही मजेत आहेत.

निशिगंधा_ठाणे: नोकरीचं टेन्शन नको, डिलिव्हरीच्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालं की 26 आठवडे पगारी रजा मिळते.

मूळ धागाकर्ती: थँक्यू सगळ्यांना. सोनोग्राफी झाली, सहा आठवडे, नळीत नाहीये. काल रात्री त्याच्यापुढे वही ठेवली. अर्ध्या पानावर अडकलाय, पण निदान "आपण" असं लिहितोय.