मॅन्युअलमधल्या कमाल आकड्याच्या पुढे जावं का? भारी गोळीची घरी भरलेली काडतुसं

देवळालीकर

नमस्कार मंडळी. माझी सगळी नोकरी तोफखान्यात झाली, आता देवळालीतच घर आहे. भाचा अमेरिकेत मोंटानात असतो. तिथे परवाना काढून एल्कची, म्हणजे एका मोठ्या हरणाची, शिकार करता येते, आणि काडतुसं घरी भरणं हा तिथल्या शिकाऱ्यांचा नेहमीचा उद्योग. कुठल्या गोळीला बंदुकीची दारू किती भरायची, सुरुवात किती आणि कमाल किती, हे सांगणारं पुस्तक म्हणजे मॅन्युअल. डिसेंबरात तो नाशिकला आला तेव्हा त्यानं मोबाइलवर वापरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांचे फोटो दाखवले. रायफल .३०० विंचेस्टर मॅग्नम, गोळी २१५ ग्रेनची, म्हणजे सुमारे १४ ग्रॅमची.

फोटो बघून माझ्या पोटात गोळा आला. पुंगळीच्या बुडाला इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) चकाकणारा गोल ठसा उमटलेला, प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी) चपटा झालेला. बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, उचलायला जोर लावावा लागतो, हे त्यानं स्वतःच सांगितलं. तिसऱ्या भरणीला प्रायमरची खोबण सैल झाली. मी म्हटलं, हे थांबव. तर म्हणतो, "मामा, मॅन्युअलचे आकडे कोर्टकचेरीच्या भीतीनं कमी करून छापतात. सगळेच थोडे पुढे जातात."

खोदून विचारलं तेव्हा कळलं की दारूचं माप त्यानं फेब्रुवारीत ठरवलं होतं, बर्फ पडलेला असताना. तीच काडतुसं ऑगस्टात उन्हात ठेवून सरावाला वापरली. तोफखान्यात आम्ही दारूचं तापमान मोजून वेगाची दुरुस्ती लावल्याशिवाय पल्ला काढत नसू. दारू तापली की दाब वाढतो, वेग वाढतो. रायफलीत हा नियम बदलत नाही.

माझं मत असं: कमाल आकड्याच्या दहा टक्के खालून सुरुवात करावी, थोडंथोडं वर यावं, आणि दाबाची पहिली खूण दिसली की मागे फिरावं. मॅन्युअलचा आकडा अजून लांब असला तरीही. तुम्हाला काय वाटतं?

गंगापूर रोड

काका, तुमचा मान ठेवून विरोध करतो. मी चौदा वर्षं कोलोरॅडोत होतो. तिथे काडतुसं भरली आणि एल्कही मारले. मॅन्युअल म्हणजे एका नळीत, एका लॉटच्या दारूवर घेतलेली चाचणी. दोन कंपन्यांची पुस्तकं उघडा. तीच दारू, तेवढ्याच वजनाची गोळी, तरी कमाल आकड्यात फरक सापडतो. मग खरा आकडा कोणता? माझ्या मते तो आपल्याच रायफलीला विचारायचा असतो.

शिवाय भारी गोळीला वेग लागतोच. शिकारीच्या बऱ्याच गोळ्यांना लागल्यावर उमलण्यासाठी सेकंदाला साधारण १८०० फूट वेग हवा. नळीच्या तोंडाशी साठ फूट जास्त मिळाले, तर ही हद्द पन्नासेक यार्ड पुढे सरकते. गोळी उमलली नाही तर जनावर जखमी होऊन लांब जातं आणि हाल होऊन मरतं. मी दहा वर्षं पुस्तकाच्या थोडा पुढे राहिलो, पुंगळ्या वाचत राहिलो. काही झालं नाही.

सातपूर प्रेसशॉप

"काही झालं नाही" हे वाक्य मी कारखान्यात फार ऐकलंय. बहुतेक वेळा डाय फुटायच्या आदल्या दिवशी.

दादा, तुमचा एक मुद्दा खरा आहे की प्रत्येक नळी वेगळी. पण त्याच न्यायानं तुमच्या नळीचा कमाल आकडा पुस्तकापेक्षा खालीही असू शकतो, ते कुणी बोलत नाही.

आता पुंगळ्या वाचण्याबद्दल. .३०० विन मॅगची अमेरिकन मानकातली दाबाची कमाल मर्यादा ६४,००० पीएसआय आहे. आपल्या गाडीच्या टायरात ३०-३५ असतात. पुंगळीचं पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. त्याच्यावर इजेक्टरचा ठसा उमटला याचा अर्थ पितळ इजेक्टरच्या भोकात वाहून गेलं, आणि ते ६४,०००च्या आतल्या दाबाला सहसा वाहत नाही. म्हणजे खूण दिसते तेव्हा आपण हद्द ओलांडून गेलेलो असतो. प्रायमर तर अजूनच बेभरवशाचा. मऊ टोपीचा असला तर कमी दाबालाही चपटा होतो, कडक असला तर जास्त दाबालाही गोल राहतो. पुंगळी धोक्याची खबर देते, पण उशिरा.

लवकर खबर देतो तो क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र. फुकटचा वेग नसतो. पुस्तकातली चाचणी २४ इंची नळीवर झाली असेल, तुमचीही नळी तेवढीच असेल, घटक तेच असतील आणि तुमचा वेग पुस्तकातल्या कमाल वेगापेक्षा सत्तर फूट जास्त येत असेल, तर तो दाबातूनच आलाय. पुंगळी कितीही सोज्वळ दिसो.

या काडतुसाची आणखी एक अडचण. याची मान, म्हणजे पुंगळीचा गोळी धरणारा भाग, फक्त .२६४ इंच लांब, गोळीच्या व्यासापेक्षाही आखूड. काडतुसाची मानक लांबी ३.३४० इंच. लांबलचक भारी गोळी त्या लांबीत बसवली की तिचं बूड मानेखाली दारूच्या जागेत घुसतं. जागा कमी, दारू तेवढीच, म्हणजे दाब वर. अख्ख्या तांब्याची गोळी घेतली तर ती त्याच वजनात आणखी लांब असते. म्हणून एका गोळीचं माप दुसऱ्या गोळीला लावायचं नाही, वजन ग्रेनला ग्रेन जुळलं तरी.

अंबडकर

मग सोपं आहे की. पुस्तकापेक्षा तीस टक्के कमी भरा, दाबाचा प्रश्नच मिटला.

सातपूर प्रेसशॉप

नाही नाही, हे कृपा करून कुणी करू नका. मॅग्नमला लागते ती दारू सावकाश जळणारी. ती फार कमी भरली तर पुंगळी अर्धी रिकामी राहते, पेट नीट घेत नाही, आणि कधीकधी दाब अचानक उसळतो. अशा प्रकारानं रायफली फुटल्याच्या नोंदी आहेत. पुस्तकात सुरुवातीचा आकडा दिलेला असतो, त्याच्या खालीही जायचं नाही.

कॉलेज रोडची नेमबाज

मी ५० मीटरला .२२ रायफल मारते. आमचं काडतूस रिमफायर, ते पुन्हा भरायचा प्रश्न येत नाही. पण आकड्यांबद्दल एक सांगते. बरेच जण दारूचं माप पायरीपायरीनं वाढवत प्रत्येक मापाच्या तीन गोळ्या मारतात आणि "या मापाला वेग स्थिर झाला" म्हणून जाहीर करतात. तीन गोळ्यांत काहीही दिसतं. मी एकाच पेटीतल्या काडतुसांचे तीन-तीनचे दहा गट मारले तर एक सुंदर येतो, एक भिकार येतो, आणि काडतूस तेच असतं. किमान दहा-दहा गोळ्या मारल्याशिवाय एक माप दुसऱ्यापेक्षा चांगलं, असं म्हणू नये. काकांच्या भाच्यानं वरचं माप नेमक्या कशाच्या जोरावर निवडलं?

देवळालीकर

ताई, तीन गोळ्यांच्या जोरावरच. अर्ध्या इंचाचा गट पडला, तेच माप धरलं.

गंगापूर रोड

ताईंचं पटतं. मीही पूर्वी तीनवरच ठरवायचो.

पण सातपूरवाल्यांनी मानेचं जे सांगितलं, त्यावर तोड आहे. माझ्या रायफलीचं चेंबर (काडतूस बसतं ती जागा) खास करून घेतलेलं, आट्यांच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या चरांच्या) आधीचा मोकळा भाग लांब, मॅगझिनही लांब. गोळी बाहेर बसवता येते, दारूची जागा शाबूत राहते. पुस्तकाची चाचणी ३.३४०वर झालेली. मग तोच कमाल आकडा माझ्या रायफलीला का लावायचा?

सातपूर प्रेसशॉप

हे मान्य. जागा वाढली तर त्याच दारूला दाब थोडा उतरतो, तुम्हाला थोडं पुढे जाता येईल. पण ते मोजून करा. गोळी आट्यांना टेकते कुठे ते मोजा, कारण टेकवून बसवली की दाब पुन्हा चढतो. आणि भाच्याची रायफल कंपनीच्या चेंबरची, साध्या मॅगझिनची आहे. तुमची सूट त्याला लागू नाही.

काका, भाच्याला पुंगळीचं बूडही तपासायला सांगा. .३०० विन मॅगला बुडाशी पट्टा असतो आणि मानकाप्रमाणे काडतूस चेंबरात त्या पट्ट्यावर टेकतं. साइझिंग डाय (पुंगळी पुन्हा मापात आणणारा साचा) पूर्ण खाली बसवून पुंगळी दाबली की खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, गरजेपेक्षा मागे जातो. मग प्रत्येक वेळी बार उडाला की पितळ पुढे ताणतं आणि पट्ट्याच्या जरा वर आतून पातळ होतं. बाहेरून तिथे चकाकती रेघ दिसते. वाकवलेली पेपरक्लिप आत घालून भिंतीवरून फिरवली तर चर हाताला लागते. चर लागली की पुंगळी भंगारात. खांदा एक-दोन हजारांश इंच मागे सरकेल एवढंच दाबायचं.

निफाडचा बागायतदार

सगळं वाचलं. मी रायफल धरलेली नाही, आमच्याकडे द्राक्षबाग आणि ऊस. उसात बिबट्या असतो, म्हणून रात्री पाणी भरायला एकटं जायचं नाही हे पोरांना शिकवलंय. तर जनावराच्या बाजूनं विचारतो. ६०० यार्डांवर गोळी पोचायला किती वेळ लागतो?

देवळालीकर

दादा, २१५ ग्रेनची गोळी २८०० फुटांनी निघाली तर पाऊण सेकंदाच्या आसपास.

निफाडचा बागायतदार

पाऊण सेकंदात जनावर एक पाऊल टाकतं. छातीवर धरलेली गोळी पोटात जाते. तिथे तुमचा वाढीव वेग काय कामाचा? जवळ जावं. जाता येत नसेल तर सोडून द्यावं.

गंगापूर रोड

दादा, चरणाऱ्या, स्थिर उभ्या जनावरावरच मारायचं असतं. उघड्या डोंगरावर कधीकधी जवळ जायला आडच नसतो. तरी तुमचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. मी स्वतः ५०० यार्डांच्या पुढे एकदाच मारलं, आणि पुन्हा मारलं नाही.

देवळालीकर

याच मुद्द्यावर भाच्याला हिशेब करून दिला, तो इथेही लिहितो. तोंडाशी पन्नास फूट वेग वाढला, तर ६०० यार्डांवर गोळी तीन-साडेतीन इंच कमी खाली येते. स्कोपच्या (रायफलीवरच्या दुर्बिणीच्या) चकतीवर तेवढं फिरवता येतंच. आडवा वारा ताशी १० मैलांचा असेल तर गोळी सुमारे दीड फूट सरकते. वाऱ्याचा अंदाज तीन मैलांनी चुकला तरी पाच इंचांची चूक, आणि वारा चकतीवर वाचता येत नाही. दाब वाढवून जे मिळवायचं, त्यापेक्षा जास्त वाऱ्यात जातं. तो वेळ आणि ती दारू वारा शिकण्यावर घालव म्हटलं.

शरणपूर रोड, वकील

वाचणाऱ्या तरुणांसाठी लिहितो. हे सगळं अमेरिकेतलं आहे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे शिकारीला बंदी आहे, आणि शस्त्र कायदा, १९५९च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं गुन्हा आहे. काडतुसाचे भागही त्या व्याख्येत येतात. रायफलीचा परवाना म्हणजे काडतूस भरायचा परवाना नव्हे.

गंगापूर रोड

वकीलसाहेब, बरोबर. मी परतताना प्रेस, डाय, सगळं तिथेच मित्राला देऊन आलो.

काका, माझं मत अजून तेच आहे: रायफल ओळखणारा माणूस पुस्तकाच्या पुढे विचारपूर्वक जाऊ शकतो. पण भाच्याच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात. ठसा उमटलेला, खोबण सैल, माप थंडीत ठरवलेलं. एवढं दिसल्यावर मीही थांबलो असतो. आणि सातपूरवाल्यांनी वेगाचं सांगितल्यावर मी जुनी वही काढली. माझा वेग पुस्तकापेक्षा ५५ फुटांनी जास्त होता, २६ इंची नळीवर. दोन इंच जास्त नळीचे म्हणून त्यातले थोडे सोडता येतील, सगळे नाहीत. दहा वर्षं मी त्या वहीकडे या नजरेनं बघितलंच नव्हतं.

देवळालीकर

काल रात्री भाच्याचा फोन आला. पेपरक्लिप फिरवली, अठरा पुंगळ्यांपैकी पाचांत चर लागली. त्या त्यानं पक्कडीनं चेपून टाकल्या, म्हणजे चुकूनही पुन्हा भरल्या जाणार नाहीत. जुन्या मापाची भरलेली ३१ काडतुसं शिल्लक होती, ती हातोडीच्या पुलरनं (गोळी उपसायच्या हत्यारानं) उकलायला घेतलीत. नवं माप पुस्तकाच्या सुरुवातीच्या आकड्यापासून, दहा-दहा गोळ्यांचे गट, आणि ते जुलैच्या उन्हात ठरवणार. वेगाचे आकडे पाठवीन म्हणालाय, आले की इथे टाकतो. सातपूरवाले, तेव्हा तुम्ही बघाच.