अनुभव धागा: स्नूकर, पार्लर आणि इंडियन ओपन

निळाखडू: कॉलेज रोडवरच्या ज्या तळघरातल्या स्नूकर पार्लरमध्ये क्यू (खेळायची काठी) धरायला शिकलो तिथे आता मोबाइल कव्हर मिळतात. काल गेलो तर भिंतीवर चॉकचे डाग तसेच! घरी येऊन २०१३ ची फायनल लावली. इंडियन ओपन ही स्नूकरची स्पर्धा पहिल्यांदा झाली ती, दिल्लीत. रँकिंग स्पर्धेच्या (जिचे गुण जागतिक क्रमवारीत धरतात) अंतिम फेरीत पोचलेला पहिला भारतीय, मुंबईचा आदित्य मेहता. समोर चीनचा डिंग जुनहुई. ५-० ने हरला, पण आमच्याकडे नंतर टेबलासाठी नंबर लावावा लागायचा. लिहा मंडळी.

कारंजावाला: ५-० हरायला पण फायनल गाठावी लागते 😄

पंचवटीपासधारक: पुढचं इंडियन ओपन, मार्च २०१५, मुंबई, ग्रँड हयात हॉटेल. मी होतो! शेजारच्याने वेफर्स फोडले तर अख्ख्या रांगेने वळून बघितलं. मायकेल व्हाइटने रिकी वॉल्डनलाही ५-० च दिलं. आपल्याकडच्या फायनली भराभर आटपतात. परतीची पंचवटी एक्सप्रेस तरी चुकलीच, मग बस आणि कसारा घाटातलं ट्रॅफिक.

मृण्मयी_ना: पार्लरचं नाव काढू नका. आमचे हे लग्नाआधी तिथेच पडीक. सासरे आत जायचे नाहीत, बाहेर स्कूटर दिसली की तिची हवा सोडून यायचे. (कुकर झाला, येते.)

कारंजावाला: सासऱ्यांना साष्टांग 🙏

रेडनंतरकाळा: पुढे २०१६ हैदराबाद (मॅकगिल), २०१७ विशाखापट्टणम (हिगिन्स), २०१९ कोची (मॅथ्यू सेल्ट); कंसात विजेते. दरवेळी नवं गाव. प्रेक्षक रुळायच्या आत बिऱ्हाड हलवलं, मग स्पर्धा रुजणार कशी? शेफील्डला १९७७ पासून वर्ल्ड चॅम्पियनशिप एकाच क्रुसिबल थिएटरात होते, लोक तिथे वारीला गेल्यासारखे जातात. आणि खेळ जन्मला कुठे, तर १८७५ ला आपल्या जबलपूरच्या छावणीत!

देवळालीकर: छावणीवरून... आजोबा कॅम्पात मार्कर होते. स्कोअर मांडायचा, टेबलाच्या कापडाला ब्रश मारायचा, इस्त्री फिरवायची. खेळायची परवानगी नाही. साहेब लोक जेवायला गेले की आजोबा खेळायचे. आजी म्हणायची, इस्त्री फक्त त्या टेबलाला, घरचे शर्ट चुरगळलेले.

निळाखडू: देवळालीकर, अजून लिहा ना!

देवळालीकर: रात्री लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

मृण्मयी_ना: आले. ह्यांना विचारलं, म्हणतात त्या तळघरात अजून उधारी बाकी आहे. मोबाइल कव्हरवाल्याला देऊ का?

कारंजावाला: मला द्या. शिवाय जुना क्यू विकायचाय, टिप नवीन टाकलीय. सिडकोत येऊन बघा.

पंचवटीपासधारक: वजन किती? १९ औंस असेल तर रविवारी येतो.