नेत्याचं मत बदललं तर ते खरं मानायचं का? (समलिंगी विवाह)

जुळे_सोलापूरकर:
काल पार्क चौकात चहा पिताना मित्रांबरोबर लई वाद झाला म्हणून इथं विचारतोय. विषय ओबामांचा. २००८ च्या निवडणुकीत ते लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक बाई असंच म्हणत होते आणि २०१२ ला समलिंगी विवाहाला पाठिंबा दिला. मित्र म्हणतो सगळं मतांसाठी, मी म्हणतो माणूस बदलू शकतो की. माझा मावसभाऊ पुण्यात त्याच्या जोडीदारासोबत राहतो, घरात फक्त मला आणि मावशीला माहितीये, त्यामुळं माझ्यासाठी हा टाइमपासचा वाद नाही. नेता मनापासून बदलला का वारं बघून, हे ओळखायचं कसं?

होटगी_रोड:
ओबामांचं मत बहुतेक बदललंच नव्हतं रे. १९९६ ला ते शिकागोतून इलिनॉय राज्याच्या सिनेटला उभे होते, तेव्हा तिथल्या समलिंगी लोकांच्या एका पेपरनं उमेदवारांना प्रश्न पाठवले. त्यांचं टाइप केलेलं उत्तर आहे, खाली सही आहे, की समलिंगी विवाह कायदेशीर करायला माझा पाठिंबा आहे आणि कुणी बंदी आणायला गेलं तर मी लढेन. दोनच वर्षांनी तोच प्रश्न आला तर उत्तर काय, अजून ठरवलं नाही! मग २००४ पासून सिव्हिल युनियन (लग्नासारखे हक्क देणारी, पण लग्न न म्हणवणारी कायदेशीर नोंद) चालेल, लग्न नको. त्यांचे सल्लागार डेव्हिड ॲक्सेलरॉड यांनीच २०१५ मध्ये लिहिलंय की कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये याला कडक विरोध होता म्हणून जपून बोलायचं ठरलं. म्हणजे पटलेलं होतं, बोलायची छाती नव्हती. मधल्या वर्षांत ज्या जोडप्यांचं आयुष्य अडकून पडलं त्यांचं काय? मला याचा राग येतो.

अक्कलकोट_नाका:
राग बरोबर आहे पण २०१२ ला ते फुकटात बोलले नाहीत हे पण बघा. निवडणुकीचं वर्ष होतं. ६ मे ला त्यांचे उपाध्यक्ष बायडन टीव्हीवर आधीच याच्या बाजूनं बोलून गेले, ८ मे ला नॉर्थ कॅरोलिनात लोकांनी मतदान करून समलिंगी विवाहाविरुद्ध घटनादुरुस्ती पास केली, आणि दुसऱ्याच दिवशी ओबामांनी मुलाखतीत पाठिंबा जाहीर केला. गॅलपच्या पाहणीत १९९६ ला २७ टक्के लोक बाजूनं होते, २०११ मध्ये ५३. वारं फिरलं होतंच, पण ते वारं फिरवलं कुणी? घरात, ऑफिसात, आपापल्या गावात उघडपणे सांगणाऱ्या साध्या लोकांनी.

बाळीवेस_ताई:
मी शिक्षिका आहे, मुलं काय बोलतात यापेक्षा वहीत काय लिहितात ते बघते. नेत्यांचंही तसंच बघावं, मत कुठं टाकलं, सही कशावर केली. बायडन यांनी १९९६ ला केंद्राच्या पातळीवर अशी लग्नं न मानणाऱ्या कायद्याला मत दिलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून तोच कायदा रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. हा बदल मी मानते. रिपब्लिकन सिनेटर रॉब पोर्टमन यांचा मुलगा घरी बोलला २०११ ला, वडलांनी जाहीर पाठिंबा दिला २०१३ ला. स्वतःचं पोर समोर बसून सांगतं तेव्हा लई गोष्टी बदलतात.

जुळे_सोलापूरकर:
ताई हे पटलं. आणि आपल्याकडं?

बाळीवेस_ताई:
सुप्रिया सुळे यांनी २०२२ मध्ये विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीसाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, पुढं सरकलं नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला आणि विषय संसदेकडं टाकला, म्हणजे आता सगळं खासदारांच्या हातात. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं एवढं स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना बँकेत जॉइंट खातं काढता येतं आणि जोडीदाराला नॉमिनी करता येतं. मावसभावाला हे आजच कळवा, काढलं नसेल तर काढू दे. आणि मत मागायला जो कोणी दारात येईल त्याला हा प्रश्न चार लोकांत विचारा, जमलं तर लेखी उत्तर घ्या. ते १९९६ चं सहीचं उत्तर होतं म्हणून तर आज आपल्याला हे बोलता येतंय.