‘स्वयं’ पोर्टलवरचा एनपीटीईएलचा कोर्स पहिल्यांदाच घेतेय, काय धरून चालू?

कृष्णाकाठची:
बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, वाळवा तालुक्यात. कॉलेजनं सांगितलंय, एक विषय ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून करा, त्याचे क्रेडिट (श्रेयांक) पदवीत धरू. मी त्यावरचा एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीसारख्या संस्था चालवतात तो, बारा आठवड्यांचा स्टॅटिस्टिक्सचा कोर्स निवडलाय. दहावीपर्यंत मराठी माध्यम. लॅपटॉप नाही, मोबाईल आहे, तोही रात्री नऊनंतर भावाकडे जातो. मैत्रीण म्हणते व्हिडिओ बघितले की झालं. खरंच तेवढंच असतं का? आणि परीक्षा घरी कॅमेऱ्यासमोर असते का?

रसशाळा:
मैत्रीण व्हिडिओंच्या पुढे गेलेली दिसत नाही!
मी साखर कारखान्यात लॅब केमिस्ट, वय ४३. असाच एक बारा आठवड्यांचा कोर्स जानेवारीच्या सत्रात घेतला, म्हणजे ऐन गळीत हंगामात. आठवड्याला अर्ध्या-अर्ध्या तासाचे पाचएक व्हिडिओ. रात्रपाळीत रसाचे नमुने तपासता तपासता बघू म्हटलं. बघून झालेही. सर बोलतात तेव्हा सगळं कळल्यासारखं वाटतं, आणि असाइनमेंट उघडली की पहिल्याच गणिताला पेन थांबतं. तिसऱ्या आठवड्यापासून वही घेऊन बसलो, व्हिडिओ थांबवून गणित आधी स्वतः सोडवायचं. अडीच तासांचे पाच तास झाले, पण डोक्यात राहिलं.
खरी गंमत बुधवारची. माझ्या कोर्सला असाइनमेंट बुधवारी रात्री ११:५९ पर्यंत द्यायची असायची. एकदा मिल बंद पडली, एकदा रेंज गेली, उरलेल्या वेळी निव्वळ आळस. बारापैकी पाच हुकल्या. हिशोब बारातल्या उत्तम आठांचा असतो आणि त्याला २५ गुण. माझ्या सातच, त्यामुळे आठवी शून्य धरली. एक असाइनमेंट म्हणजे तीन गुण. शेवटी एकूण ५८ आले. ६० ला प्रमाणपत्रावर ‘एलिट’ लागतं. बायको अजून विचारते, त्या बुधवारी नक्की काय करत होतास?
म्हणून रविवारी जमेल तशी उत्तरं सबमिट करून टाका. मुदतीपर्यंत पुन्हा बदलता येतात, शेवटचं सबमिशन धरतात. रात्री नऊला मोबाईल जात असेल तर तुमचा बुधवार नऊलाच संपला असं समजा.
परीक्षा घरी नाही. केंद्रावर जाऊन संगणकावर, तीन तास, ७५ गुणांची. मी कोल्हापूरला गेलो होतो. पास व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३०, दोन्ही वेगवेगळे लागतात. कोर्सला नाव घालणं फुकट, पण परीक्षेचा फॉर्म वेगळा आणि त्याची फीही वेगळी. मी हजार भरले होते. आमच्यातला एक जण बाराही आठवडे नीट शिकला आणि फॉर्मच भरला नाही. फुकट शिकला, एवढंच.

निवृत्त_खडू:
बाळ, एक काम आजच कर. निवडलेला कोर्स तुमच्या विभागाला चालतो का, हे लेखी घेऊन ठेव. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रात ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट ‘स्वयं’वरून घेता येतात, पण कुठला कोर्स कुठल्या विषयाच्या जागी धरायचा, हे तुमच्याकडेच ठरणार. तोंडी ‘हो’ निकालाच्या वेळी कुणालाच आठवत नाही. 
भाषेची काळजी करू नकोस. काही कोर्सचं मराठी भाषांतर एनपीटीईएलच्या संकेतस्थळावर मिळतं, तुझ्या कोर्सचं आहे का बघ. फक्त ‘प्रमाण विचलन’ म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, अशा जोड्या वहीच्या मागच्या पानावर लिहीत जा. पेपर इंग्रजीत असतो.

मधली_सुट्टी:
कोर्सच्या चर्चेच्या पानावर प्रश्न विचारायला लाजू नका. माझं इंग्रजी तिथं मोडकंच होतं, तरी दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आणि भावाला बुधवारी सिनेमाला पाठवा.

कृष्णाकाठची:
सगळ्यांचे आभार. उद्या मॅडमकडून लेखी घेते. रसशाळा काका, फॉर्ममध्ये नाव कसं लिहायचं? आधारवर वडिलांचं नाव मध्ये आहे, मार्कशीटवर आडनाव आधी आहे.

रसशाळा:
प्रमाणपत्रावर फॉर्ममधलंच नाव छापून येतं, आणि केंद्रावर ओळखपत्र बघतात. त्यामुळे सबमिट करायच्या आधी कॉलेजच्या ऑफिसात विचारा. माझ्या प्रमाणपत्रावर आडनावात एक ‘ए’ जास्त आहे.