२२ साईट, ३ माणसं: अंतर्गत सेफ्टी ऑडिटचं वर्षाचं वेळापत्रक कसं लावावं?

कुर्ला_टर्मिनस: नमस्कार मंडळी. ऑफिस कुर्ल्यात. साईट अशा: भिवंडीत ९ गोदामं, वसईत ६ शेड, तळोज्यात ४ कारखाने, अंधेरी एमआयडीसीत ३. आम्ही माणसं तीन. जाण्यायेण्यासकट वर्षाचं बजेट ६० हजार. सॉफ्टवेअर नको, एक्सेल येतं. दर तिमाहीला सगळीकडे जाणं शक्य नाही. काय करू?

गोदामवाला: सरळ अ‍ॅप घ्या. आम्ही साडेचार लाखांत घेतलं. फोटो काढला की रिपोर्ट तयार, साहेब खूश.

कुर्ला_टर्मिनस: दादा, ६० हजार. वर्षाचे.

पावभाजी_बिनपाव: अ‍ॅपला +१. पण गोदामात आत रेंज मिळत नाही, बाहेर ट्रकपाशी येऊन फोटो चढवावे लागतात.

एकतीस_वर्षं: चेंबूरला केमिकल प्लांटात ३१ वर्षं काढली, म्हणून सांगतो. न सांगता जा. तारीख कळवलीत की आदल्या रात्री पिवळे पट्टे मारतात. एकदा माझ्या पँटीला रंग लागला होता. हेल्मेट सगळ्यांच्या डोक्यावर, पण स्टिकरसुद्धा निघालेलं नाही!

वसईची_वेणू: सगळ्या साईटना सारखी पाळी लावायचीच कशाला? आयएसओ ४५००१ (कामाच्या जागच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) मधलं अंतर्गत ऑडिटचं कलम ९.२ नीट वाचा. कामाचं महत्त्व आणि मागच्या ऑडिटचे निकाल बघून कार्यक्रम ठरवा म्हणतंय. तळोज्यात सॉल्व्हंट असेल, वेल्डिंग चालत असेल तर तिथे वर्षातून दोनदा-तीनदा. नुसते खोके ठेवलेल्या गोदामात एकदा पुरे, फक्त फोर्कलिफ्टची वाट आणि रॅक बघा. माणसं कमी पडतात ना? मग प्रत्येक साईटचा एक सुपरवायझर तयार करा, आयएस १४४८९ (सेफ्टी ऑडिट कसं करावं याचं भारतीय मानक) समोर ठेवून. भिवंडीचा वसईला, वसईचा अंधेरीला. स्वतःचं काम स्वतः तपासायचं नाही, एवढं पाळा. आणि एक तरी फेरी रात्रपाळीत. कंत्राटी माणसं तेव्हाच भेटतात.

पावभाजी_बिनपाव: फायरवाल्यांचं प्रपत्र ब (आगीची यंत्रणा ठीक असल्याचा दाखला) जानेवारी-जुलैत जातंच की. ऑडिट झालंच मग.

वसईची_वेणू: नाही हो. ते २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली परवानाधारक एजन्सी देते. पंप, हायड्रंट चालू आहेत एवढंच. जिन्यात कोणी माल रचला, ते तुमचं तुम्हीच बघायचं.

दिवा_फास्ट: अवांतर: वसई-भिवंडी एका दिवसात होतं. दिवा-वसई गाडीने भिवंडी रोडला उतरा, खर्च नगण्य.

गोदामवाला: दिवसाला गाड्या किती त्या? आणि तिथून मानकोलीच्या गोदामांकडे जाणार कसे, रिक्षावाला तोंडाला येईल ते मागतो.

दिवा_फास्ट: आम्ही जातो बुवा.

एकतीस_वर्षं: परत सांगतो, न सांगता जा.

मुका_सायरन: रिपोर्ट लिहिणं सोपं. आमच्याकडे एका विजेच्या पॅनलचं तुटकं झाकण लागोपाठ चार ऑडिटांत आलं, दरवेळी नव्या फोटोसकट. एक्सेलमध्ये ‘कोण करणार’ आणि ‘कधीपर्यंत’ हे दोन रकाने आधी टाका. पुढच्या फेरीत पहिल्यांदा तेच उघडा.

कुर्ला_टर्मिनस: सगळ्यांचे आभार. ठरलं असं: तारीख कळवूनच जाणार, आणि तिघंही एकत्र. (काका, रागावू नका. पॅनल उघडायला मेंटेनन्सवाला हजर लागतो, नाहीतर कुलूप बघून परत यायचं.) सुपरवायझरांची अदलाबदल साहेबांना पटली नाही, म्हणाले भांडणं लागतील. सुरुवात तळोज्यापासून नाही, वसईच्या सर्वांत छोट्या शेडपासून. आम्हालाही शिकायचंय. मुका_सायरन यांचे दोन रकाने मात्र आजच टाकले.

वसईची_वेणू: तळोजा निदान पावसाआधी उरका.

एकतीस_वर्षं: पँट जुनी घाला.

गोदामवाला: अ‍ॅपची आमची सहा लॉगिन नुसती पडून आहेत. हवी असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.